कोकणातल्या परसातले दर्शक: जास्वंद, हळद, कोकम, गोकर्ण

खाडीपलीकडे

मी गुहागर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ल-आम्लारीच्या धड्याला लिटमस लागतो आणि आपल्या हवेत लिटमसच्या पट्ट्या टिकत नाहीत. दमट होतात, बुरशी धरतात, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीशेजारी ठेवल्या तर वाफेनेच निळ्याच्या लाल होतात. पण आपल्या परसात आणि स्वयंपाकघरात इतके दर्शक, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणारे पदार्थ, आहेत की लिटमसवाचून हा धडा अडायला नको. तुमच्याकडे कशाचा रंग कशाने बदलतो ते इथे लिहा. कोकणातल्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती एका जागी हवी आहे.

सुरुवात मी करतो. तांबडी जास्वंद घ्यायची, मधला दांडा आणि हिरवा देठ काढून फक्त पाकळ्या गरम पाण्यात टाकायच्या. पाणी उकळत ठेवू नका, रंग मळकट होतो. थोड्या वेळाने पाणी गाळून घ्या. लिंबाच्या रसात हा अर्क झगझगीत गुलाबी-लाल होतो, खायच्या सोड्यात हिरवट, धुण्याच्या सोड्यात चांगला हिरवा. चुन्याच्या निवळीत आधी हिरवा होऊन मग पिवळ्याकडे झुकतो, कारण इतक्या तीव्र आम्लारीत फुलातलं रंगद्रव्यच मोडायला लागतं.

कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाचा अर्क पाण्यात निळा, लिंबात जांभळा-गुलाबी, धुण्याच्या सोड्यात हिरवा. मुलांना सगळ्यात जास्त हाच आवडतो.

हळद सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो. कुंकू हळदीला चुना लावूनच करत आले आहेत. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पट्ट्या करायच्या तर हळद सॅनिटायझरमध्ये कालवावी, रंग नीट उतरतो.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. बरीच मुलं, आणि खरं सांगायचं तर बरीच गाइडंही, असं मानतात की दर्शक 'हे आम्ल, हे आम्लारी' असा निवाडा देतो. तसं नाही. प्रत्येक दर्शकाचा रंग बदलण्याचा स्वतःचा टप्पा असतो, आणि द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते सांगणारा आकडा; आम्ल जितकं जास्त तितका तो कमी) त्या टप्प्याच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच तो सांगतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये लालचा पिवळा होतो. लिटमस साधारण ४.५ ते ८.३ मध्ये बदलतो. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ पर्यंत रंगहीन असतं आणि १० पर्यंत पक्कं गुलाबी होतं. हळद साडेसातच्या पुढे तांबूस व्हायला लागते. म्हणून हळद लिंबात पिवळी राहते तशी साध्या पाण्यातही पिवळीच राहते. 'पट्टी पिवळी राहिली म्हणजे आम्ल' असं कोणी वहीत लिहिलं असेल तर ते खोडायला लावा.

तिरफळ

ह्यां बरां केलात सर. मी मालवणची, शिक्षिका नाही, पण स्वयंपाकघरात हे रोज बघते. सोलकढीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) कमी आणि नारळाचं दूध जास्त झालं की रंग गुलाबीवरून फिकट जांभळ्याकडे जातो. आगळ वाढवलं की परत गुलाबी. पापडाच्या पिठात पापडखार असतो, त्यात हळद घातली तर पीठ तांबूस दिसतं. आणि कोकमाचा डाग साबणाने धुतला की काळपट निळा होतो, तो का ते आज कळलं.

माशांचं एक विचारायचं होतं. बांगड्याला, तारलीला आधी कोकम किंवा लिंबू चोळतो, वास मरतो. यातही आम्ल-आम्लारीच आहे का?

खाडीपलीकडे

हो, तेच आहे. मासा शिळा व्हायला लागला की त्यात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं. ते आम्लारी आहे आणि बाष्प होऊन उडतं, म्हणून नाकाला लागतं. कोकमातलं किंवा लिंबातलं आम्ल त्याच्याशी संयोग पावून क्षार तयार होतो. क्षार उडत नाही, म्हणून वास येत नाही. पुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात. एक मात्र ध्यानात ठेवा: वास गेला म्हणजे मासा ताजा झाला असं नाही. ताजेपणा कल्ल्यांवरून आणि डोळ्यांवरूनच ओळखायचा.

सड्यावरचा

रत्नागिरीजवळ आंब्याची कलमं आहेत. कोकमाबद्दल शंका. मुलीने कोकम सरबतात खायचा सोडा घातला. फेस भरपूर आला, रंग मात्र लालच राहिला. जास्वंदीच्या अर्कात तोच सोडा, तेवढाच घातला तर लगेच हिरवट झाला. मग कोकमाला दर्शक कसं म्हणायचं?

ब्युरेट

याचं उत्तर मी देतो, प्रयोगशाळेत काम करतो.

कोकम दर्शक आहे यात शंका नाही. त्याचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा, जास्वंदीचाही त्याच गटातला. पण कोकमात रंगासोबत आम्लही भरपूर आहे. त्यातलं मुख्य हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, कोकमाची आंबट चव प्रामुख्याने त्याचीच. तुमच्या मुलीने घातलेला सोडा आधी या आम्लाशी लढण्यातच संपला. फेस आला तो कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे उदासिनीकरण चालू होतं याचा पुरावा. आम्ल शिल्लक असेपर्यंत रंग लालच राहणार. सोडा घालत राहिलं असतं तर पुढे रंग जांभळट, मग मळकट हिरवट झाला असता. (अर्थात ते सरबत मग पिण्याजोगं उरत नाही.)

दर्शक वापरायचा मोठा नियम यातूनच निघतो. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या मानाने दर्शक अगदी थोडा हवा, नाहीतर तो स्वतःच निकाल बदलतो. प्रयोगशाळेत आम्ही फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंबच टाकतो ते याचसाठी. कोकम वापरायचं असेल तर आगळ नको, त्यात मीठही असतं. ताज्या रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीचा छोटा तुकडा भरपूर पाण्यात चुरडा, पाणी जेमतेम गुलाबी दिसेल एवढंच. मग त्यात चुन्याच्या निवळीचे थेंब सोडा. रंग कसा पालटतो ते बघाच.

सड्यावरचा

आज करून बघतो. रातांबे सध्या भरपूर आहेत.

दुसरा प्रश्न कामाचा. कलमांखालच्या मातीचा सामू असा घरी काढता येईल का? आमची माती आंबट आहे असं सगळेच सांगतात.

ब्युरेट

नाही, तिथे घरचे दर्शक वापरू नका. हे आवर्जून सांगतो कारण यात पैसे जातात.

जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी असते, कारण आपल्याकडच्या मुसळधार पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखी आम्लारीधर्मी द्रव्यं धुपून जातात आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो आणि झाडाला मिळत नाही. किती चुनखडी घालायची हे ठरवायला माती ५.२ आहे की ६.२ हे कळावं लागतं. जास्वंदीच्या रंगात हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. त्यात मातीचं पाणी मुळात तांबडं, म्हणजे रंग आणखी फसवणार. हळद तर पिवळी राहून काहीच सांगणार नाही. मातीचा नमुना मृद परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू तिथे मीटरवर काढतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणच्या मातीवर काम करतं आहे, शिफारशी त्यांच्याच घ्याव्यात. अंदाजाने चुना ओतला आणि सामू फार वर गेला तर जस्त, लोह यांची कमतरता दिसायला लागते.

राबकरी

मातीचा विषय निघाला म्हणून. आम्ही भाताच्या रोपवाटिकेला राब भाजतो, पालापाचोळा, शेण, कवळ टाकून. लहानपणापासून ऐकलं की राखेने जमीन गोड होते. खरं आहे का?

खाडीपलीकडे

राखेपुरतं खरं आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. मूठभर राख पाण्यात कालवून, निवळू देऊन वरच्या पाण्यात जास्वंदीचा अर्क टाका, हिरवा होईल. हळदीची पट्टी लाल होईल. पूर्वी राखेने भांडी घासत, राखेच्या पाण्यात कपडे भिजवत, कारण तेलकटपणा आम्लारीने सुटतो. आपल्या आम्लधर्मी जमिनीत राखेमुळे आम्लता थोडी कमी होते आणि पालाशही (पोटॅशियम) मिळतो. शिवाय भाजल्याने तणाचं बी मरतं, त्यामुळे राबाचा सगळा फायदा राखेच्या खात्यावर मांडू नये.

माडाखाली

नीरेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माडाची किंवा ताडाची नीरा उतरवताना मडक्याला आतून चुना लावतात. उतरताना ती गोड असते, चुना नसेल तर थोड्याच वेळात आंबायला लागते. यीस्टने साखरेचं अल्कोहोल होतं, जिवाणूंनी आम्लं तयार होतात, आणि फार दिवस राहिली तर तिचा शिरका (व्हिनेगर) होतो. चुन्याने सामू वर राहतो आणि जंतूंना वाढता येत नाही. ज्यांच्याकडे नीरा मिळते त्यांनी ताजी, चुना न लावलेली नीरा घेऊन दर थोड्या वेळाने गोकर्णाचा अर्क टाकून बघावं. एकाच द्रवाचा सामू डोळ्यांदेखत उतरताना दिसेल असं उदाहरण मुलांना दुसरं सापडणं कठीण आहे.

तिरफळ

घावनाच्या पिठाचं नाही, पण आंबोळीच्या पिठाचं असं बघता येईल. भिजवल्यावर एकदा, सकाळी एकदा.

माडाखाली

हो, आणि ते शाळेत नेता येतं.

वेंगुर्ल्याची

चुन्यावरून विचारते. आमच्याकडे शिंपल्यांची भट्टी लावून चुना करायचे असं आजी सांगते. दगडाचा चुना आणि शिंपल्यांचा चुना यांत रसायनाच्या दृष्टीने काही फरक?

ब्युरेट

मूळ द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की प्रचंड उष्णता बाहेर पडते, पाणी उकळायलाही लागतं, आणि विरलेला चुना तयार होतो. त्याची निवळी म्हणजे चुन्याचं स्वच्छ पाणी, सामू सुमारे १२.४. तीव्र आम्लारी आहे ती. निवळीत नळीने फुंकर मारा, पांढरी होईल, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने परत कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. भिंतीतला चुनाही हवेतला तोच वायू घेत घेत वर्षानुवर्षं कठीण होत जातो.

किनाऱ्यावरचा एक शिंपला घ्या, वर शिरक्याचे थेंब टाका, बुडबुडे येतील. जांभ्याच्या चिऱ्यावर टाका, काही होणार नाही. रंगाशिवाय करता येणारी ही परीक्षा मला फार मोलाची वाटते.

आणि एक कळकळीची विनंती. चुना लहान मुलांच्या हाती देऊ नका. डबी दाबून चुना डोळ्यांत उडाल्याने मुलांची नजर गेल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. आम्लाची सगळ्यांना भीती वाटते, आम्लारीची वाटत नाही, आणि डोळ्याला आम्लारी जास्त खोलवर इजा करते. उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. लिंबू पिळून उदासिनीकरण करायला कोणी जाऊ नये.

वेंगुर्ल्याची

हे वेगळं, ठळक करून लिहायला हवं. धन्यवाद.

सड्यावरचा

याच धर्तीवर: मधमाशीचा दंश आम्लधर्मी, त्यावर सोडा लावा, गांधीलमाशीचा आम्लारीधर्मी, त्यावर शिरका, असं सगळीकडे छापलेलं असतं. आणि काजू सोलताना तेलाने हात भाजतात, तेही आम्लच ना?

ब्युरेट

दंशाचा त्रास मुख्यतः विषातल्या प्रथिनांमुळे होतो आणि विष कातडीच्या आत गेलेलं असतं. वरून सोडा चोळून ते उदासीन होत नाही. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या मात्र खरोखर फॉर्मिक आम्ल फवारतात. त्यांच्या घरट्याजवळ काठीला बांधून गोकर्णाचं फूल धरलं तर त्यावर गुलाबी ठिपके पडताना दिसतील. लांबूनच करा.

काजूच्या टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल असतं, पण नावात आम्ल आहे म्हणून हात भाजतात असं समजू नये. ते दुबळं आम्ल आहे. कातडी सोलवटते ती त्या तेलातल्या फिनॉल प्रकारच्या द्रव्यांमुळे.

दुबळं आणि पातळ यांत मुलांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून दोन वाक्यं. सारखंच पातळ (०.१ मोलर) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल घेतलं तर पहिल्याचा सामू १ आणि दुसऱ्याचा २.९ च्या आसपास, कारण ॲसिटिक आम्लाचे थोडेच रेणू पाण्यात हायड्रोजन आयन सोडतात. लिटमस दोन्हींत सारखाच लाल, आणि दोन्ही पूर्ण उदासीन करायला कॉस्टिक सोडाही सारखाच लागतो.

आईची_शाळा

आमच्या वाडीतल्या विहिरीत टीसीएल टाकतात. बादलीत कालवलेल्या टीसीएलच्या निवळीत मुलाने जास्वंदीचा अर्क टाकला. आधी हिरवट झाला आणि मग रंग पूर्ण गेला. पाण्यासारखं झालं. म्हणजे ते उदासीन आहे का?

खाडीपलीकडे

नाही. फार चांगलं निरीक्षण आहे, मुलाला शाबासकी द्या. टीसीएल म्हणजे विरंजक चूर्ण. त्याचं द्रावण आम्लारीधर्मी असतं, म्हणून पहिला हिरवा रंग बरोबर. पण त्यातलं हायपोक्लोराइट रंगद्रव्याचंच ऑक्सिडीकरण करतं, म्हणून रंग उडतो. लिटमसही तिथे पांढरा पडतो. रंग बदलणं आणि रंग मरणं या दोन वेगळ्या गोष्टी. ताडून बघायचं तर त्यात लिंबू पिळून रंग परत येतो का बघावं असं कोणाच्याही मनात येईल, पण टीसीएलमध्ये कुठलंही आम्ल घालू नका. क्लोरीन वायू सुटतो, तो विषारी आहे. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच वापरू नये, याचं कारणही हेच.

माडाखाली

समुद्राच्या पाण्याचं काय? खारट म्हणजे आम्लारी असं आमच्या गटात एकाने ठासून सांगितलं.

खाडीपलीकडे

खारटपणा मिठाचा, आणि मीठ उदासीन असतं. डिस्टिल्ड पाण्यात शुद्ध मीठ विरघळवा, दर्शक हलणार नाही. समुद्राचं पाणी किंचित आम्लारीधर्मी आहे ते त्यातल्या बायकार्बोनेटमुळे, सामू ८.१ च्या आसपास. आता या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन टाका, रंगहीनच राहील, कारण त्याचा टप्पा ८.२ नंतर सुरू होतो. मिथिल ऑरेंज टाका, पिवळं. गोकर्ण, जवळजवळ निळाच. एकाच पाण्याला प्रत्येक दर्शक आपापल्या जागेवरून बघतो, म्हणून मी मुलांना कुठल्याही द्रावणासाठी किमान दोन दर्शक वापरायला लावतो.

औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या सामूचा हा आकडा ८.२ च्या सुमाराला होता. ०.१ चा फरक वाटतो किरकोळ, पण सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलेली सामूची ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, आणि ०.१ म्हणजे पाव पटीहून जास्त वाढ. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आहे आणि कालवं, तिसऱ्या यांना कवच बांधायला लागणारं कार्बोनेट कमी होतं आहे. हे आपल्या खाडीच्या तोंडाशी चाललं आहे आणि कुठलाही घरचा दर्शक ते दाखवणार नाही. म्हणून मुलांना ते सांगावंच लागतं.

आईची_शाळा

मुलाला विज्ञान प्रदर्शनात हेच मांडायचं आहे. नुसते रंगीत ग्लास सगळेच ठेवतात. काही वेगळं सुचवाल का? आणि अर्क दोन दिवसांत आंबतो, त्याचं काय करू?

ब्युरेट

अर्क बर्फाच्या साच्यात गोठवा, लागेल तेव्हा एक खडा काढा. पट्ट्या करायच्या तर जाड गाळणकागद भिजवून सावलीत वाळवा आणि झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. हे काम मे महिन्यात उरकावं.

खाडीपलीकडे

मांडणीसाठी एक कोडं देतो. तीन सारख्या बाटल्या, तिन्हींत रंगहीन द्रव: पांढरा शिरका, पाणी आणि धुण्याच्या सोड्याचं द्रावण. चिठ्ठी कशावरच नाही. हाताशी फक्त हळदीच्या पट्ट्या. चव घ्यायची नाही, वास घ्यायचा नाही. तिन्ही ओळखा.

लोक आधी म्हणतील की जमणार नाही, कारण हळद आम्ल आणि पाणी यांत फरकच करत नाही. तसं ते बरोबर आहे. मुलाने त्यांना थोडा वेळ द्यावा आणि मग करून दाखवावं. एकेक पट्टी तिन्हींत बुडवायची. जिथे लाल झाली तो सोडा. आता सोड्यात लाल झालेल्या दोन पट्ट्या घ्यायच्या, टिपून कोरड्या करायच्या आणि उरलेल्या दोन बाटल्यांत एकेक बुडवायची. शिरक्यात ती लगेच पिवळी होते. पाण्यात लालच राहते, फार तर थोडी फिकी पडते.